नवे कार्ड आले आणि संगणक बसला



बोईसरहून एका ताईंचे पत्र आमच्याकडे आले आहे. सविनय जयभीम लिहून त्यांनी लगेच अडचण मांडली आहे. मुलाचे वडील तारापूर औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर पंप आणि मोटारींच्या देखभालीचे काम करतात. मुलगा पॉलिटेक्निकला आहे, धाकटी मुलगी अकरावीला. तीन वर्षांपूर्वी भिशीचे पैसे हाती आले तेव्हा दुकानातून जोडून घेतलेला संगणक घरात आला. अभ्यास, प्रवेशाचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे अर्ज, सारे त्यावरच चालते. मुलाला गेमचा शौक. त्याने वडिलांच्या ओव्हरटाइमच्या पैशातले सहा हजार मागून एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड आणले आणि त्याच संध्याकाळी रॅमची एक पट्टीही वाढवली.

तेव्हापासून संगणक धड चालेना. टायपिंग करा, व्हिडिओ पाहा, काही होत नाही. मोठा गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा होतो आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. मधूनच यूपीएस शिट्टी मारतो. जवळच्या दुरुस्तीवाल्याने डबा न उघडताच निकाल दिला, मदरबोर्ड गेला, आठ हजार लागतील. वडील म्हणतात, खेळाच्या नादाने घरातली वस्तू घालवली, आता एक पैसा मिळणार नाही. मुलगा धड जेवत नाही. ताई विचारतात, आठ हजार घालावेत की संगणक भंगारात द्यावा?

आमचे उत्तर असे की, दोन्हीही करू नये. निदान आज तरी नाही. असे प्रश्न पालघर, बोईसर, सफाळे भागातल्या इतरही घरांत निर्माण होत असतील, म्हणून या वेळचे सदर आम्ही याच विषयाला देत आहोत.

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवा भाग बसवल्यावर यंत्र बंद पडू लागले म्हणजे नवा भागच खराब, असे नसते. मदरबोर्ड गेला, असेही नसते. पुष्कळदा दोष त्या जुन्या भागात असतो, ज्याला नव्याचे ओझे उचलावे लागते. ताईंच्या यजमानांना हे आम्ही सांगायची गरज नाही. पाच हॉर्सपॉवरचा पंप काढून तेथे साडेसात हॉर्सपॉवरचा बसवला आणि केबल, स्टार्टर, एमसीबी जुनेच ठेवले, तर काय होते ते त्यांना ठाऊक आहे. पंप नवा, उत्तम, तरीही लाइन ट्रिप होते. अशा वेळी कोणी पंप भंगारात देत नाही. भार किती, केबल किती जाडीची, एमसीबी किती अँपिअरचा, हे पाहतात. घरातल्या संगणकाचेही तेच आहे. म्हणून आमची पहिली विनंती वडिलांना आहे. रागावून बाजूला बसू नये. मुलाला संगणकाची भाषा येते, तुम्हाला भाराची येते. या दुखण्याला दोन्ही लागतात.

आधी कागदपत्रे वाचवा

संगणक असा अवचित बंद पडत असेल तर त्यातील फाइल खराब होण्याची भीती असते. लिहिता लिहिता वीज गेली तर वहीचे पान अर्धे राहते, तसेच डिस्कवर होते. म्हणून तपासणी सुरू करण्यापूर्वी गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, महाडीबीटीच्या अर्जाच्या प्रती, घरातले फोटो, हे सारे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. गेम पुन्हा भरता येतो. दाखला पुन्हा काढायचा तर तहसील कचेरीचे हेलपाटे आणि दोन दिवसांची मजुरी जाते.

लक्षणे वहीत लिहा

दवाखान्यात डॉक्टर आधी विचारतात, ताप केव्हा येतो, थंडी वाजते का, किती वेळ राहतो. येथेही तसेच करावे. एक वही घ्यावी. संगणक बंद पडला की तारीख, वेळ, कोणते काम चालू होते, किती मिनिटांनी बंद पडला, पडद्यावर काय दिसले, यूपीएस वाजला का, हे लिहावे. चार-पाच नोंदी झाल्या की रोग पुष्कळसा उघड होतो.

काहीही संदेश न देता संगणक पटकन बंद झाला किंवा पुन्हा सुरू झाला, तर पहिला संशय विजेच्या पुरवठ्यावर, म्हणजे एसएमपीएस, यूपीएस, बोर्ड, पिन यांवर घ्यावा. निळा पडदा येऊन इंग्रजी अक्षरे उमटली तर मोबाइलने त्याचा फोटो काढावा. तेथे मेमरीसंबंधी शब्द असेल तर रॅमकडे पाहावे. मात्र निळा पडदा ड्रायव्हरमुळेही येतो, हे विसरू नये. चित्रात रंगीत चौकटी, रेघोट्या, ठिपके दिसू लागले तर कार्डाची स्वतःची मेमरी किंवा त्याची उष्णता तपासावी. पडदा काळा झाला पण आवाज चालू राहिला, तर ड्रायव्हर, कार्ड किंवा मॉनिटरची केबल पाहावी.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही आपोआप भरत असते. तेथे अशा वेळी “कर्नल-पॉवर ४१” अशी नोंद सापडते. ती पाहून काही जण लगेच म्हणतात, एसएमपीएस गेला. तसे नाही. या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तो का बंद पडला, हे ती सांगत नाही. मात्र तिच्यावरून बंद पडल्याची साधारण वेळ मिळते. ती आपल्या वहीशी ताडून पाहावी.

दोन बदल, दोन संशयित

ताईंच्या मुलाने एकाच संध्याकाळी कार्डही बसवले आणि रॅमही वाढवली. त्यामुळे दोष कोणाचा हे कळेनासे झाले. आता उलट दिशेने यावे. संगणक बंद करून, भिंतीतली पिन काढून, दोन्ही नवे भाग बाहेर काढावेत आणि दोन दिवस पूर्वीसारखा चालवावा. येथे एक अडचण येऊ शकते. काही प्रोसेसरांत चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी “एफ” अक्षर असते त्यांत ती नसते. अशा संगणकात पूर्वीचे कार्ड परत बसवावे. पूर्वीच्या स्थितीत तो नीट चालला, तर मदरबोर्ड गेला हे म्हणणे फारसे टिकत नाही आणि आठ हजार रुपये खिशात राहतात.

त्यानंतर फक्त रॅम बसवावी, कार्ड नाही. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाची तपासणी असते. मेमटेस्ट८६ हा कार्यक्रमही मोफत मिळतो आणि पेनड्राइव्हवरून चालतो. रात्री लावून झोपावे, सकाळी पाहावे. एकसुद्धा चूक दाखवली तरी ती चालवून घेऊ नये. चूक आली तर दोन्ही पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. पुष्कळदा प्रत्येक पट्टी एकटी उत्तम चालते, पण जुनी आणि नवी यांची जोडी जमत नाही. दोघींचा वेग वेगळा असतो. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करावे, म्हणजे रॅम आपल्या साध्या वेगाने चालते. त्याने दोष गेला तर एक पैसाही न घालता काम झाले.

रॅम निर्दोष निघाली की मग कार्ड बसवावे. पण त्याआधी जुन्या कार्डाचा ड्रायव्हर पूर्ण काढावा. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा मोफत कार्यक्रम हे काम करतो. मग नव्या कार्डाच्या मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून ताजा ड्रायव्हर घ्यावा, भलत्याच ठिकाणाहून नाही.

या सगळ्यात नियम एकच. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर वहीत ओळ लिहावी. घाईने तीन गोष्टी एकदम केल्या आणि दोष गेला, तर कशाने गेला हे कळत नाही. तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

भाराचा हिशेब

ताईंच्या पत्रातील लक्षणे आम्ही पुन्हा वाचली. साध्या कामात काही नाही, मोठ्या गेममध्येच बंद पडतो, कोणताही संदेश नाही, वर यूपीएसची शिट्टी. ही सारी विजेकडे बोट दाखवतात. आता वडिलांनी कागद-पेन्सिल घेऊन मुलाजवळ बसावे.

पत्रात कार्डाचे नाव आरएक्स ५८० असे आहे. हे कार्ड २०१७ साली बाजारात आले. त्याचा जाहीर खप १८५ वॅट आहे आणि त्यासाठी किमान ५०० वॅटचा एसएमपीएस सांगितलेला आहे. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. बाकीची वीज वेगळ्या वायरीने यावी लागते. सहा पिनांच्या वायरीची क्षमता ७५ वॅट, आठ पिनांची १५० वॅट. या कार्डाला आठ पिनांची वायर लागते.

ताईंच्या संगणकात कॅबिनेटबरोबर आलेला “४५० वॅट”चा एसएमपीएस आहे, असे मुलाने चिठ्ठीत कळवले आहे. लेबलाचा फोटोही पाठवला आहे, हे त्याने फार चांगले केले. त्या लेबलावर मोठ्या अक्षरात ४५० आहे खरे, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः या १२ व्होल्टवरच जगतात. आता गुणाकार करावा. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. मोठ्या अक्षरातल्या ४५० पैकी खऱ्या कामाचे एवढेच.

आता भार मोजू. कार्ड १८५ वॅट. प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले आहे, पण जोरात काम करताना तो त्याहून जास्त घेतो, ८० धरू. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे ३५ धरू. बेरीज ३०० वॅट. आहेत १९२, मागणी ३०० च्या घरात. टायपिंग करताना कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही आळसावलेले असतात, म्हणून काही होत नाही. गेम लागला की दोघेही एकदम कामाला लागतात आणि एसएमपीएस हात टेकतो.

यात आणखी एक बारकावा आहे, तो मोटारीच्या माणसाला लगेच पटेल. मोटार थेट लाइनवर सुरू केली तर क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. त्यासाठीच मोठ्या मोटारींना स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. ग्राफिक्स कार्डही असे झटके घेते. मोटारीइतके मोठे नव्हेत, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती त्याची मागणी जाहीर खपाच्या बरीच वर जाते. म्हणून बेरजेला बरोबर पुरेल असा एसएमपीएस घेऊन भागत नाही. त्यात मोकळीक ठेवावी लागते.

हा संशय खरा की खोटा, हे फुकटात पाहता येते. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा खाली आणावा आणि सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांची मर्यादा घालावी. कार्डाचा भार कमी होतो. तसे केल्यावर तासभर गेम चालला आणि मर्यादा काढताच पुन्हा बंद पडला, तर दोष विजेचा किंवा उष्णतेचा, हे जवळजवळ ठरले.

एक धोक्याची सूचना. काही जुन्या एसएमपीएसला कार्डाची वायरच नसते. मग दुकानदार हार्डडिस्कच्या साटा पिनेवरून कार्डाला वीज देणारा जोड विकतो. ती साटा पिन १२ व्होल्टवर साधारण ५४ वॅटसाठी बनवलेली असते. तिच्यावर कार्डाचा भार टाकला तर ती वितळू शकते, आग लागू शकते. असा जोड घरात असेल तर आजच काढावा. कंपन्या आणि बँकांतून निघालेले छोटे संगणक आपल्याकडे पुष्कळ विकत घेतले जातात. त्यांचे एसएमपीएस बरेचदा २०० ते ३०० वॅटचेच असतात आणि काहींची पिनही वेगळ्या मापाची असते. त्यांत मोठे कार्ड घालण्याच्या भानगडीत पडू नये.

यूपीएस आणि भिंतीतली वीज

आता शिट्टीकडे येऊ. घरगुती यूपीएसवर ६०० व्हीए असे लिहिलेले असते. लोक त्याला ६०० वॅट समजतात. नेहमीच्या ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी क्षमता ३६० वॅटच्या आसपास असते. खोक्यावर ती बारीक अक्षरात छापलेली असते. संगणकाच्या आत ३०० वॅट लागत असतील तर भिंतीतून तेवढेच येऊन भागत नाही. एसएमपीएसमध्ये काही वीज उष्णता होऊन जाते. शंभरापैकी ऐंशी कामी आले असे धरले, तर ३०० साठी ३७५ वॅट घ्यावे लागतात. त्यात मॉनिटरचे २५ मिळवले की ४०० झाले. म्हणजे यूपीएसही अपुरा. अशा वेळी तो शिट्टी मारतो, आणि भिंतीतला दाब क्षणभर खाली गेला की बॅटरीवर जाताच मान टाकतो.

याची चाचणी सोपी आहे. संगणक थोड्या वेळापुरता यूपीएस सोडून थेट भिंतीतल्या चांगल्या तीन पिनांच्या सॉकेटवर लावावा आणि तोच गेम चालवावा. बंद पडायचे थांबले तर दोष यूपीएसचा. थांबले नाही तर एसएमपीएसचा संशय घट्ट झाला. मात्र इस्त्री, मिक्सर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर ठेवून ही परीक्षा घेऊ नये.

देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली आपल्या तारापूरला सुरू झाले. पण त्याच परिसरातल्या चाळीत आणि भाड्याच्या खोल्यांत भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला वायरच नसते, हे अनेकांनी अनुभवले असेल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का, ते विचारून पाहावे. येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही. हा प्रश्न संगणकापुरता नाही, लहान मुलांच्या जिवाचा आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्यावे. खोली भाड्याची असेल तर घरमालकाकडे तसे लेखी मागावे, शेजारच्या चार भाडेकरूंनी मिळून मागावे.

आणि एसएमपीएसचा डबा कोणीही घरी उघडू नये, वडील कितीही जाणकार असले तरी. पिन काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये काही काळ जोराचा झटका बसेल एवढा दाब शिल्लक असतो.

उष्णता, धूळ आणि खारी हवा

आपला भाग किनाऱ्याचा. हवा दमट आणि खारी, एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत भट्टीच. अशा खोलीत टीव्हीच्या कपाटाच्या बंद कप्प्यात संगणक कोंबला, वर प्लॅस्टिकचे कव्हर घातले, तर बिचाऱ्याने श्वास कोठून घ्यावा? तपमान दाखवणारे मोफत कार्यक्रम मिळतात. गेम चालू असताना पाहावे. प्रोसेसर ९५-१०० अंशांपर्यंत गेला तर तो स्वतःला वाचवण्यासाठी आधी मंद होतो आणि तरीही तापला तर बंद होतो. पंखे रंगवायच्या ब्रशने साफ करावेत, साफ करताना पाते बोटाने धरून ठेवावे. तीन वर्षे झाली असतील तर प्रोसेसरवरची पेस्ट बदलून घ्यावी, तिला फार पैसे लागत नाहीत. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर कोरड्या खोडरबराने हलकेच पुसून भुगा झटकावा. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून थोडे वर ठेवावे.

जुने कार्ड घेताना

वापरलेले कार्ड घेण्यात गैर काही नाही. आपल्या खिशाला तेच परवडते. पण त्याचा इतिहास ठाऊक असावा. इथेरियम नावाचे आभासी चलन काढण्यासाठी, ज्याला मायनिंग म्हणतात, अशी कार्डे रात्रंदिवस चालवली जात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली, कार्डावर ते चलन काढणे बंद झाले आणि जगभर अशी जुनी कार्डे बाजारात उतरली. आरएक्स ५८० हे मायनिंगवाल्यांचे आवडते कार्ड होते. त्यांतील काहींच्या आतला बायोस त्या कामासाठी बदललेला असतो. असे कार्ड साधे चित्र दाखवते, पण गेममध्ये अडखळते. जाणकाराकडून मूळ बायोस परत भरून घेता येतो. काही कार्डांवर दोन बायोसमधला छोटा खटका असतो, तो दुसऱ्या बाजूला करून पाहावा.

म्हणून वापरलेले कार्ड घेताना विकणाऱ्याच्या समोर निदान अर्धा तास जोराचा गेम चालवून पाहावा. मागचा अनुक्रमांक टिपून घ्यावा आणि कंपनीची हमी शिल्लक आहे का ते तपासावे. मुंबईला लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, हा अशा सामानाचा मोठा बाजार आहे. डहाणू-विरार लोकल धरून पुढे ग्रँट रोडला उतरले की चालत जाता येते. पण जाण्याआधी आपल्या एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो, मदरबोर्डचे नाव, कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती लांबीची जागा आहे ते माप, हे जवळ असू द्यावे. नाहीतर दुकानदार जे देईल ते घेऊन यावे लागते आणि परत करायला दुसरा खाडा.

पक्के बिल मागण्यास लाजू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदाराने फसवले किंवा दुरुस्तीवाल्याने पैसे घेऊन काम केले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. दुरुस्तीवाल्याने “मदरबोर्ड गेला” म्हटले तर नम्रपणे विचारावे, कोणती तपासणी केली? दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहिला का? चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

पैसे कोठे घालावेत

आता ताईंच्या घरापुरते सांगतो. आधी वर सांगितलेल्या फुकटच्या चाचण्या करा. त्या विजेकडेच बोट दाखवू लागल्या तर ओळखीच्या कोणाचा चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस एका संध्याकाळपुरता मागून लावून पाहा. तेवढ्यात गेम तास-दोन तास चालला तर खात्री झाली. मागून आणलेल्या एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघणाऱ्या असतील तर त्याच्या स्वतःच्याच वायरी वापराव्यात. दुसऱ्या कंपनीच्या वायरी पिनेत बसतात, पण आतली जोडणी वेगळी असते आणि भाग जळू शकतो.

मग दोन रस्ते उरतात. पहिला, नामांकित कंपनीचा, “८० प्लस” शिक्का असलेला, ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. १२ व्होल्टच्या रकान्यात ४० अँपिअरच्या आसपास आकडा असावा, म्हणजे ४८० वॅट खरे. मदरबोर्डच्या आठ हजारांपेक्षा हा खर्च बराच कमी आहे आणि तो भाग पुढच्या संगणकातही चालतो. यूपीएस मात्र मग १००० व्हीएचा लागेल. तो लगेच जमत नसेल तर गेम खेळताना चित्रांची मर्यादा घालून काम भागवावे.

दुसरा रस्ता, हे कार्ड विकून कमी खपाचे घ्यावे. जीटीएक्स १६५० हे कार्ड ७५ वॅटचे आहे आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. तोच हिशेब पुन्हा केला तर ७५, ८० आणि ३५ मिळून १९० वॅट होतात. म्हणजे तुमचा जुना एसएमपीएस त्यालाही अगदी काठावरच आहे. म्हणून आमचे मत पहिल्या रस्त्याचे. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या डब्यावर तीन वर्षे घर चालले, आता तो बदलण्याची वेळ आली आहे.

मुलाबद्दल एक शब्द. खेळासाठी त्याने कार्ड आणले हे खरे. पण लेबलाचा फोटो काढून पाठवण्याची बुद्धी त्याचीच. हा दोष त्याने स्वतः शोधून काढला, तर पॉलिटेक्निकच्या पुस्तकात नसलेला धडा तो शिकेल, आणि उद्या दुसऱ्याच्या घरचा संगणकही दुरुस्त करू शकेल. अभ्यासाचे आणि खेळाचे तास ठरवून द्यावेत, बहिणीच्या फॉर्मच्या दिवसांत संगणक तिच्याकडे राहील असेही ठरवावे. पण अपुऱ्या एसएमपीएसचा राग मुलावर काढू नये.

ज्या वाचकांना अशी अडचण असेल त्यांनी पत्रात संगणकाचे वय, एसएमपीएसच्या लेबलावरचे सर्व आकडे, यूपीएसची क्षमता, कोणता भाग केव्हा बसवला आणि वहीतल्या पाच नोंदी अवश्य लिहाव्यात. एवढे कळले तर उत्तर देणे आम्हाला सोपे जाईल.